संयुक्त खरेदी आणि परिभाषेची निश्चिती

सार्वजनिक वाहतूक चालविणाऱ्या अनेक संस्थांनी आपापली गरज एकत्र करून एकाच निविदेने माल घेणे, यास संयुक्त खरेदी म्हणतात. संख्या मोठी असली की भाव उतरतो, एवढेच तिचे मर्म सामान्यतः सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. संख्यांची बेरीज करण्यापूर्वी घ्यावयाच्या वस्तूच्या वर्णनाविषयी एकवाक्यता व्हावी लागते. आणि ही एकवाक्यता जेथवर पोचते तेथवरच खरेदीचा लाभ पोचतो. विषय अर्थशास्त्राचा असूनही भाषेच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे, याचे कारण हेच होय.

भारतात ही पद्धत नवी नाही. राज्य परिवहन उपक्रमांचा अखिल भारतीय संघ १९६५ साली स्थापन झाला. सुट्या भागांसाठी हा संघ दरकरार करतो. म्हणजे पुरवठादाराशी भाव एकदाच ठरतो आणि सभासद उपक्रम त्या भावाने आपापली मागणी नोंदवितात. परंतु एक उपक्रम ‘ब्रेक लायनिंग’ या नावाने जे मागवितो, त्याची मापे व टिकाऊपणा दुसऱ्याच्या अपेक्षेशी जुळत नसतील, तर समान दरास अर्थ उरत नाही. म्हणून नावामागे माप, द्रव्य व कसोटी यांची व्याख्या उभी करावी लागते. वाहनांच्या भागांची अशी चाचणी करणारी सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट ही संस्था १९६७ पासून पुण्यात आहे.

विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला. चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या नऊ शहरांची मागणी एकत्र करण्याचे केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये ठरविले. त्यांत मुंबई व पुणे ही शहरेही होती. प्रत्यक्षात कोलकाता, दिल्ली, बंगळूर, हैदराबाद व सुरत या पाच शहरांसाठी कन्व्हर्जन्स एनर्जी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने ५,४५० गाड्यांची निविदा काढली. या व्यवहारात उपक्रम गाडी विकत घेत नाही. कंत्राटदार स्वतःची गाडी चालवितो आणि उपक्रम त्यास दर किलोमीटरमागे मोबदला देतो. तेव्हा ‘किलोमीटर’ म्हणजे काय? आगारापासून पहिल्या थांब्यापर्यंतची रिकामी फेरी त्यात धरावयाची की नाही? किमान किती किलोमीटरांची हमी? विजेचा खर्च कोणाचा? जेथे शब्द संदिग्ध असतो, तेथे निविदाकार आपल्या भावात जोखमीची भर घालतो. म्हणून गाड्यांचे वर्णन व कराराच्या अटी शक्य तितक्या एकसारख्या करण्यात आल्या. एप्रिल २०२२ मध्ये बारा मीटर लांबीच्या गाडीस किलोमीटरमागे ४३.४९ रुपये व नऊ मीटरच्या गाडीस ३९.२१ रुपये असे नीचांकी दर आले. त्यांत विजेचा खर्च समाविष्ट होता. डिझेल गाडीच्या खर्चाहून हे दर कमी असल्याचे त्या वेळी जाहीर झाले.

तथापि येथेच या पद्धतीची मर्यादाही दिसते. निविदा एक असली तरी करार प्रत्येक उपक्रमाशी स्वतंत्र होतो आणि देयकही ज्याच्या त्याच्या तिजोरीतून जाते. भाव समान झाला, पत समान झाली नाही. तोट्यातील उपक्रम वेळेवर पैसे देईल काय, ही शंका पुरवठादारांना व त्यांना कर्ज देणाऱ्या बँकांना राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३,४३५.३३ कोटी रुपयांची देयक-सुरक्षा योजना मंजूर केली, ती याच कारणाने. उपक्रमाने पैसे थकविल्यास ते निधीतून द्यावयाचे व मागाहून वसूल करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. ३८,००० हून अधिक गाड्यांना तिचा आधार मिळावा असा हेतू आहे.

आणखी एक विचार ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. व्याख्या ठरविताना मोठ्या शहरांचा शब्द साहजिकच वजनदार ठरतो. घाटातील चढण, अरुंद पेठा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे रस्ते या लहान उपक्रमांच्या गरजा त्या व्याख्येबाहेर राहिल्या, तर स्वस्त भावाने निरुपयोगी गाडी पदरी पडेल, आणि थांब्यावर ताटकळणारा प्रवासी तिचे मूल्य भरील. संयुक्त खरेदीचे परीक्षण करणाऱ्याने म्हणून दरपत्रकाआधी व्याख्यांचे प्रकरण वाचावे, आणि ते ठरविताना कोणाकोणास विचारले होते, हेही पाहावे.