पेट्रोलचा वास कुठून येतो?

आपण गाडीत बसलो की कधीकधी पेट्रोलचा वास येतो. "गाडी म्हटली की वास यायचाच," असं मोठी माणसं म्हणतात. पण धडधाकट गाडीत कच्च्या पेट्रोलचा वास येत नाही. येत असेल तर पेट्रोल कुठूनतरी बाहेर पडतंय असं समजावं. माझा मामा तालुक्याला गॅरेजात मिस्त्री आहे. त्याच्याकडून शिकलो ते सांगतो.

मामा आधी पाना हातात घेत नाही. तो विचारतो, "वास कधी येतो?" त्यातच निम्मं उत्तर असतं.

१) पेट्रोल भरल्यावर येतो : टाकी काठोकाठ भरली असेल, झाकण नीट बसलं नसेल किंवा झाकणाचं रबर चिरलं असेल. हा दोष सर्वांत स्वस्तात जातो.

२) रात्रभर उभ्या गाडीला सकाळी येतो : टाकी किंवा पाईप गळत असेल. पेट्रोल लगेच उडून जातं, म्हणून खाली ओल दिसेलच असं नाही. मामा रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरतो. सकाळी डाग मागे असला तर बहुधा टाकी, पुढे असला तर इंजिनाकडचा पाईप.

३) इंजिन चालू असताना येतो : जुन्या गाडीत कार्बोरेटर असतो. आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसा त्यात तरंगता गोळा असतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येतो आणि सुई तोंड बंद करते. सुईत कचरा अडकला की पेट्रोल ओसंडतं. नव्या गाडीत कार्बोरेटर नसतो. तिथे पंप पेट्रोल दाबाने पाठवतो, म्हणून बारीक चिरेतूनही फवारा उडतो.

४) सायलेन्सरमधून येतो आणि गाडी धक्के खाते : प्लग पेटत नसेल. मग पेट्रोल न जळताच बाहेर जातं.

थंड गाडी चालू करताना क्षणभर वास येऊन गेला तर काळजी नको. राहिला तर मात्र गाडी दाखवावी.

आता महत्त्वाचं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली साचते, आणि कडाक्याच्या थंडीतही ठिणगीने पेटते. म्हणून वास आला की काडी ओढू नये, विडी पेटवू नये, स्टार्टर मारू नये. काचा-दारं उघडावीत, सर्वांनी उतरून लांब उभं राहावं आणि मिस्त्रीला बोलवावं.

आणखी एक गोष्ट. आपल्या नाकाला वासाची सवय होते. थोड्या वेळाने वास गेल्यासारखा वाटतो, पण पेट्रोल गेलेलं नसतं! दिवसभर गाडीत बसणाऱ्या ड्रायव्हरकाकांना तो कळत नाही. बाहेरून येऊन बसणाऱ्या आपल्याला मात्र लगेच कळतो. म्हणून मित्रांनो, भिऊ नका, लाजू नका. "काका, वास येतोय," असं मोठ्याने सांगा.

आणि पालकांना नम्र विनंती, की पोरगं असं म्हणालं तर त्याला गप्प बसवू नका. आधी गाडी थांबवा.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी