ग्रंथपालाची विद्या

पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेले आपल्या वसतिगृहाचे माजी विद्यार्थी भेटीस येतात, तेव्हा पुढील शिक्षणाचा विषय हमखास निघतो. आम्ही ग्रंथालय व माहितीशास्त्राचे नाव सुचविले की पुष्कळदा एकच प्रश्न येतो : "पुस्तकांची देवघेव करायला पदव्युत्तर पदवी कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर येथे देत आहोत.

भारतात ग्रंथपालांच्या शिक्षणाचा आरंभ बडोदे संस्थानात झाला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले व १९११ साली प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. त्याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तक वापरण्यासाठी असते आणि हवे ते पुस्तक मिळणे हा प्रत्येक वाचकाचा हक्क आहे, हा त्यांतील पहिल्या दोन सूत्रांचा भावार्थ होय.

हे साधावे कसे, हेच या अभ्यासक्रमात शिकवितात. बाबासाहेबांचेच ग्रंथ पाहा. रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ अर्थशास्त्रात, जातिसंस्थेवरील समाजशास्त्रात, तर बुद्ध आणि त्यांच्या धम्मावरील ग्रंथ धर्मविभागात जातो. सारे एका कपाटात ठेवणे सोपे. परंतु मग चलनाचा अभ्यास करणाऱ्याला पहिला ग्रंथ सापडणार नाही. उलट ते विखुरले, तर बाबासाहेबांचे समग्र लेखन शोधणारा रिकाम्या हाताने परतेल. वर्गीकरण ग्रंथाची जागा ठरविते. तालिका त्याच ग्रंथाकडे लेखक, शीर्षक व विषय अशा अनेक वाटांनी नेते. वर्गीकरणपद्धतीही निर्दोष नसतात. ड्युईच्या दशांश पद्धतीत २२० ते २८९ हे क्रमांक परंपरेने ख्रिस्ती धर्माकडे आहेत, तर बौद्ध धम्म २९४.३ या एका उपविभागात बसविला आहे. अशा मर्यादा ओळखून वाचकाची सोय करणे, हे जाणत्या ग्रंथपालाचे काम.

कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर सामान्यतः एक वर्षाची बी.लिब. व त्यानंतर एक वर्षाची एम.लिब. करता येते, काही विद्यापीठांत दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे. नोकरी करणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग आहे. एम.लिब.मध्ये संशोधनपद्धती, माहितीचा शोध, डिजिटल ग्रंथालय व कोहासारख्या संगणकप्रणाली अभ्यासाव्या लागतात. महाविद्यालयीन ग्रंथपालपदासाठी या पदवीत किमान ५५ टक्के गुण (अनुसूचित जाती-जमातींस पाच टक्के सवलत) आणि सर्वसाधारणपणे नेट किंवा सेट परीक्षा आवश्यक असते. पदवी हाती पडताच नोकरी मिळेल, असे आश्वासन आम्ही देत नाही. पदे मोजकी असतात, म्हणून एम.लिब. करतानाच नेट-सेटची तयारी आरंभावी.

आमच्या पिढीतील अनेकांनी शालेय वयात पुस्तकांची नावे कुलूपबंद कपाटाच्या काचेतून वाचली. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्यावर येईल, या भीतीने कपाट उघडले जात नसे. पुस्तके होती, वाचकही होते. दोघांची गाठ घालून देणारा मात्र कोणी नव्हता. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरापासूनच दूर ठेवले गेले, त्यांच्या मुलांनी ते काम आता हाती घ्यावे, अशी आमची मनीषा आहे.