विक्रीस आलेली जुनी पिकअप
मोटारीच्याच सांगाड्यावर मालाचा हौदा चढविण्याची कल्पना १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियातील गिलाँग येथील फोर्डच्या कारखान्यात ल्यू बँट या तरुण आरेखकाने साकार केली. मुंबई-आग्रा व सुरत-नागपूर हे राजमार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या धुळ्यात अशी गाडी विक्रीस आली, तर तिच्या रूपावर लुब्ध होण्यापूर्वी चासी व इंजिनाचे क्रमांक नोंदणीच्या दस्तऐवजाशी ताडून पाहावेत, हे मी आग्रहाने सांगेन. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांस ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी बहाल केली. परंतु ती खासगी वाहनांपुरतीच मर्यादित असल्याने मालवाहू म्हणून नोंदलेली पिकअप या सन्मानास मुकते, याची मला मनापासून खंत वाटते.