पाठ दुखतेय? खुर्चीला दोष देण्याआधी...

डेडलाइनच्या आठवड्यात पाठ धरली की मी सरळ खुर्चीला शिव्या घालते. थकवा आला? जागरणं! तुमचंही असंच ना?

‘कसूर’, ‘वॉटर’मधली लिसा रे आठवतेय? तीही सतत थकलेली असायची. २००९मध्ये निदान झालं, मल्टिपल मायलोमा. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. वय फक्त ३७!

हा खरं तर साठी-सत्तरीचा आजार. चाळिशीच्या आतले रुग्ण शंभरात दोनेक. म्हणून तरुणांच्या बाबतीत तो चटकन कुणाच्या मनातच येत नाही. पेनकिलर आणि बेल्टमध्ये महिने जातात, तोवर हाडं पोखरली जातात, किडन्या थकतात. त्यात काही पेनकिलर किडन्यांना आणखीच घातक.

घाबरू नका, बहुतेक पाठदुखी साधीच असते. पण आठवडेच्या आठवडे न हटणारं दुखणं आणि सोबत घसरलेलं हिमोग्लोबिन अशी जोडी जमली, तर डॉक्टरांना क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसबद्दल विचारा. तिन्ही रक्ताच्याच तपासण्या.

मायलोमा सहसा मुळासकट जात नाही, पण औषधं आणि स्टेम सेल ट्रान्सप्लांटमुळे अनेकांचा वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. ट्रान्सप्लांट झालेली लिसा २०१८मध्ये, ४६व्या वर्षी, सरोगसीनं जुळ्या मुलींची आई झाली.

मी खुर्ची बदलतेच आहे. पण त्याआधी सीबीसी करून घेतेय.