आधी ऐकू येतात, मग दिसतात

डॉमिनिका म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डॉमिनिकन रिपब्लिक येतं. तो देश वेगळा, मोठा आणि स्पॅनिश बोलणारा. हे डॉमिनिका म्हणजे ग्वादलूप आणि मार्टिनिक या दोन फ्रेंच बेटांच्या मधलं, जेमतेम सत्तर हजार वस्तीचं डोंगराळ बेट. आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना त्याची राजधानी रोझो ठाऊक असेल. जुलै २०२३मध्ये मुंबईच्या यशस्वी जयस्वालनं कसोटी पदार्पणात १७१ धावा काढल्या, त्या इथल्याच विंडसर पार्कवर. त्या मैदानातून निघून चालत गेलं की दहा-पंधरा मिनिटांत समुद्र लागतो, आणि त्याच समुद्रात, किनाऱ्यावरची घरं स्पष्ट दिसतील इतक्या अंतरावर, स्पर्म व्हेल हे देवमासे वर्षाचे बाराही महिने राहतात. इथल्या बऱ्याच माद्यांना नावं आहेत. त्यांच्या आया, मावश्या, लेकी कोण हे लोकांना माहीत आहे.

कॅरिबियनमध्ये देवमासे पाहायला लोक इतरत्रही जातात. डॉमिनिकन रिपब्लिकच्या सामाना उपसागरात जानेवारी ते मार्च हंपबॅक देवमाशांची गर्दी असते. पण ते पाहुणे. थंडीत उत्तरेकडून यायचं, पिल्लं जन्माला घालायची आणि परत जायचं. डॉमिनिकाचे स्पर्म व्हेल इथलेच रहिवासी, आणि त्याचं कारण या बेटाच्या घडणीत आहे. हे ज्वालामुखीचं बेट. मोर्न दियाब्लोतँ हे त्याचं सर्वांत उंच शिखर १,४४७ मीटरचं. डोंगराचा उतार किनाऱ्याला थांबत नाही, तसाच पाण्याखाली उतरत जातो. पश्चिम किनाऱ्यापासून काही किलोमीटरवरच समुद्र हजार मीटरहून खोल होतो. त्या खोलीत माकूळ असतं, आणि हेच या देवमाशांचं अन्न. पूर्वेकडून सतत वाहणारा वारा डोंगर अडवून धरतात, त्यामुळे पश्चिमेचं पाणी बहुतेक दिवस शांत असतं. लेकुरवाळ्या माद्यांना याहून चांगली जागा कुठली?

बेटाचा इतिहास थोडक्यात सांगतो. मूळचे लोक कॅलिनागो. त्यांची वस्ती पूर्व किनाऱ्यावर आजही आहे. ३ नोव्हेंबर १४९३च्या रविवारी कोलंबसाला बेट दिसलं. मग फ्रेंच आले, इंग्रज आले, आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. १९७८मध्ये स्वातंत्र्य मिळालं, तेही ३ नोव्हेंबरलाच. १९७९च्या डेव्हिड वादळात झाडाखाली चिरडलेली एक बस रोझोच्या वनस्पती उद्यानात अजून तशीच ठेवली आहे. २०१७च्या मारिया वादळानं तर अख्खं बेट उघडंबोडकं केलं होतं. आता हिरवाई परत आली आहे, पण काही घरांवर अजून छप्पर नाही.

देवमासे पाहण्याच्या बोटी रोझोच्या दक्षिणेला कॅसल कम्फर्ट भागातून निघतात. आमची बोट दुपारी सुटली. सोबत मार्टिनिकहून आलेलं एक शिक्षक जोडपं, काही कॅनेडियन, आणि बेटावरच्याच एका शाळेतली चार मुलं होती. मुलांना पाहून बरं वाटलं. आपल्याच समुद्रातली श्रीमंती फक्त परदेशी पाहुण्यांनी पाहायची असं अनेक पर्यटनस्थळी घडतं. आमचे कॅप्टन पन्नाशी उलटलेले, मच्छीमाराच्या घरातले. बोट जेट्टीपासून सुटली तेव्हाच त्यांनी बजावलं, "मी तुम्हाला देवमासा दाखवायचं वचन देत नाही. ऐकवायचा प्रयत्न करतो."

बंदरापासून बरंच बाहेर आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि टपाखालून एक अवजार काढलं. त्या अवजारासाठीच मला हा लेख लिहावासा वाटला. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला स्वयंपाकघरातला पसरट धातूचा वाडगा, वाडग्याच्या आत पाणबुड्यांच्या पोशाखाचं जाड रबर चिकटवलेलं, आणि मधोमध पाण्याखालचा आवाज टिपणारा छोटा मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन. वाडग्याचं तोंड ज्या दिशेला असेल तिकडचाच आवाज नीट ऐकू येतो, बाकीचा अडतो. बाजारात यासाठी महागडी यंत्रं मिळतात. कॅप्टननी हे स्वतः बनवलं आहे. आधीचे दोन वाडगे गंजून गेले, हा तिसरा. रबर कुठल्या कडेला किती जाड लावायचं, दांड्याला कुठे खूण करायची म्हणजे हाताला दिशा कळते, हे त्यांनी वर्षानुवर्षं करून शिकलेलं. त्यांनी दांडा पाण्यात सोडला, कानाला हेडफोन लावले आणि डोळे मिटून दांडा हळूहळू फिरवू लागले. उत्तर, वायव्य, पश्चिम. बोटीवर कुणी बोलत नव्हतं. वायव्येला हात थांबला, थोडा मागे आला, पुन्हा थांबला. "तीन आहेत. कदाचित चार. दोन मैलांवर. खाली आहेत, खातायत."

मग त्यांनी आवाज छोट्या स्पीकरवर लावला. पडवीत कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरत बसावं तसा तो आवाज येत होता. कट, कट, कट, एका लयीत, थांबा न घेता. स्पर्म व्हेल अंधारात शिकार शोधतो तो याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर. हा आवाज प्राणिसृष्टीतल्या सर्वांत मोठ्या आवाजांपैकी एक, आणि तो करणाऱ्या या जनावराचा मेंदू पृथ्वीवरचा सर्वांत मोठा, सुमारे आठ किलोचा. कटकट थांबली की कॅप्टन घड्याळ पाहतात. आवाज बंद म्हणजे देवमासा वर यायला निघाला. असं तीनदा-चारदा थांबत, ऐकत, दिशा बदलत आम्ही पुढे गेलो.

पहिला फवारा शाळकरी मुलांतल्या एका मुलीला दिसला. स्पर्म व्हेलचा फवारा सरळ वर जात नाही. नाकपुडी डोक्याच्या टोकाला डाव्या बाजूला असल्यामुळे तो पुढे आणि डावीकडे तिरपा उडतो, म्हणून लांबूनही ओळखता येतो. मादी होती. माद्या अकरा-बारा मीटरपर्यंत वाढतात, नर सोळा मीटरपर्यंत आणि क्वचित त्याहूनही मोठे. करड्या रंगाची, अंगभर सुरकुत्या असलेली ती पाण्यावर नुसती पडून होती, श्वास घेत होती. पाऊण तासाच्या बुडीनंतर आठ-दहा मिनिटं ती असा दम खाते. कॅप्टननी बोट बऱ्याच अंतरावर, तिच्या बाजूला, तिच्याच वेगानं ठेवली. पुढ्यात जायचं नाही, पाठीमागून गाठायचं नाही. मग तिचं डोकं खाली गेलं, पाठीची कमान झाली, आणि रुंद शेपूट पूर्ण बाहेर येऊन सरळ पाण्यात उतरली. शेपटीच्या कडेला असलेल्या खाचा प्रत्येकीच्या वेगळ्या. बोटीवरच्या मदतनीस तरुणीनं फोटो काढला आणि तिथेच एका फाटक्या वहीतल्या चित्रांशी ताडून पाहू लागली.

ही ओळख पटवण्याची पद्धत इथे रुजली ती शेन गेरो या कॅनेडियन शास्त्रज्ञामुळे. २००५मध्ये त्यांनी डॉमिनिका स्पर्म व्हेल प्रकल्प सुरू केला आणि एकेका कुटुंबाची पिढ्यांची नोंद ठेवली. कुटुंब म्हणजे आजी, लेकी, नाती. नर वयात आले की घर सोडून थंड समुद्राकडे जातात. पिल्लांना खोल बुडी मारता येत नाही. आई शिकारीला गेली की मावशी किंवा आजी वर पिल्लाजवळ थांबते. कॅप्टन या सगळ्यांबद्दल गावातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात, पण डिजिट या मादीची गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलला. फिंगर्स नावाच्या मादीची ही लेक. २०१५मध्ये मासेमारीचा दोर तिच्या शेपटीत अडकला. दोर आवळत गेला, तिला नीट बुडी मारता येईना, ती अशक्त होत गेली. ती मरणार असंच सगळ्यांनी धरलं होतं. २०१८मध्ये ती पुन्हा दिसली तेव्हा दोर निघालेला होता आणि ती शेपूट उंच करून बुडी मारत होती. तो दोर कसा सुटला, कुणाला माहीत नाही. "त्या दिवशी बंदरावर सगळ्यांनी एकमेकांना फोन केले," कॅप्टन म्हणाले.

परतताना स्पीकरवर वेगळा आवाज आला. दोन सावकाश टिचक्या, मग तीन भराभर. तो शिकारीचा आवाज नव्हता, आपापसातलं बोलणं होतं. या ठेक्यांना शास्त्रज्ञ कोडा म्हणतात, आणि एक-एक-तीन हा ठेका पूर्व कॅरिबियनमधल्या याच समूहाची खूण. पिल्लू तो आईकडून शिकतं. २०२०पासून सेटी नावाचा मोठा प्रकल्प इथे हे बोलणं यंत्रांच्या मदतीनं उलगडू पाहतो आहे. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८,७१९ कोडा तपासले होते. ठेका, गती, लांबणं आणि मधेच घातलेली जास्तीची टिचकी यांची पद्धतशीर सरमिसळ त्यात आढळली. अर्थ अजून लागलेला नाही. मुलांनी टाळ्या वाजवून तो ठेका लगेच उचलला, आणि बंदर येईपर्यंत बोटीवर तेच चाललं होतं.

या देशाचं देवमाशांशी नातं नेहमीच असं नव्हतं. आंतरराष्ट्रीय व्हेल आयोगात डॉमिनिका अनेक वर्षं शिकारसमर्थक जपानच्या बाजूनं मत देत असे. २०००मध्ये दक्षिण पॅसिफिकमधल्या देवमाशांच्या अभयारण्याविरुद्ध मत दिलं गेलं तेव्हा ॲथर्टन मार्टिन या मंत्र्यांनी राजीनामा दिला. एका छोट्या देशातल्या माणसानं देवमाशांसाठी मंत्रिपद सोडावं, ही मला त्या बेटाची सर्वांत मोठी कहाणी वाटते. रोझोत मात्र त्याची आठवण सांगणारं काही माझ्या पाहण्यात आलं नाही. २००८मध्ये देशानं ते धोरण सोडलं, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये पश्चिम किनाऱ्यालगतचा सुमारे ८०० चौरस किलोमीटरचा समुद्र स्पर्म व्हेलसाठी राखीव करण्याची घोषणा केली.

घोषणेनं सगळं होत नाही. बेटाबेटांमधल्या जलद फेरीबोटी आणि पर्यटकांची अजस्र जहाजं याच पाण्यातून जातात. धडकेनं जखमी झालेले, पंख्यानं कापले गेलेले देवमासे इथे दिसले आहेत. मासे गोळा व्हावेत म्हणून मच्छीमार खोल पाण्यात दोर आणि तरंगते सांगाडे सोडतात. त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे आणि डिजिटचा दोरही खरा आहे. शिवाय आता परवाना काढून देवमाशांबरोबर पोहण्याच्या सहली निघतात. त्यात पैसा मोठा, पण समाजमाध्यमांवरच्या एका चित्रफितीसाठी दम खाणाऱ्या आईजवळ पाण्यात उड्या टाकणं मला पटलं नाही. लेसर अँटिलीजच्या साऱ्या समुद्रात मिळून हे देवमासे पाचशेहून कमी आहेत. इतक्या थोड्यांची झोप आणि जेवण मोडून आपण काय मिळवतो?

त्याच नोव्हेंबर २०२३मध्ये आपल्या गणपतीपुळ्याच्या वाळूत व्हेलचं एक पिल्लू येऊन अडकलं होतं. गावकरी, मच्छीमार, वन खात्याचे लोक त्याच्यावर पाणी ओतत, त्याला समुद्रात ढकलत राहिले. ते वाचलं नाही. पण स्पर्म व्हेलची आपल्याकडची बातमी बहुतेक वेळा 'व्हेलची उलटी' विकताना पकडलेल्या टोळीचीच असते. ही उलटी, म्हणजे अंबर, स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. हा प्राणी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे आणि अंबर बाळगणं वा विकणं गुन्हा आहे. कोकणातल्या मुलांना हा जीव तस्करीच्या बातमीपलीकडे माहीत व्हायला हवा. रोझोच्या त्या चार मुलांना तो नावानिशी माहीत आहे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ बरा. भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण वाटेत जिथे विमान बदलाल तिथला लागू शकतो, तो आधी तपासा. विमानतळ बेटाच्या ईशान्येला आहे आणि तिथून रोझोला पोहोचायला घाटातून तासाहून जास्त लागतो. बोट निवडताना हायड्रोफोन आहे का विचारा, आणि देवमासा दिसल्यावर कॅप्टनला "अजून जवळ घ्या" असं कृपा करून म्हणू नका.