न्यूडाऊ विरुद्ध रॉबर्ट्स

न्यूडाऊ विरुद्ध रॉबर्ट्स हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधी सोहळ्यातील धार्मिक उल्लेखांना आव्हान देणारा खटला होता. बराक ओबामा यांच्या पहिल्या शपथविधीच्या तोंडावर, डिसेंबर २००८ च्या अखेरीस, तो वॉशिंग्टन येथील संघीय जिल्हा न्यायालयात दाखल झाला. ७ मे २०१० रोजी डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया सर्किटच्या अपील न्यायालयाने वादींच्या विरोधात निकाल दिला आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्याचे नाकारले. सरकारी समारंभातील प्रार्थना घटनेशी सुसंगत आहे की नाही, या मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र बहुमताच्या निकालात नाही. हा प्रश्न न्यायालयापुढे कोणी आणावा आणि कोणाविरुद्ध आणावा, एवढ्यावरच खटला संपला.

शपथेचा मजकूर आणि प्रथा

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात राष्ट्राध्यक्षाची शपथ शब्दशः दिलेली आहे. मूळ इंग्रजीत ती ३५ शब्दांची असून तिच्यात ईश्वराचा उल्लेख नाही. ज्याला शपथ घ्यावयाची नसेल त्याला केवळ प्रतिज्ञा करण्याची मुभा त्याच वाक्यात आहे. १८५३ मध्ये फ्रँकलिन पीअर्स यांनी तिचा उपयोग केला. सहाव्या अनुच्छेदाने कोणत्याही सरकारी पदासाठी धार्मिक कसोटी लावण्यास मनाई केली आहे, तर १७९१ मध्ये अंमलात आलेल्या पहिल्या घटनादुरुस्तीने धर्माची स्थापना करणारा कायदा करण्याची काँग्रेसला बंदी केली.

भारतीय वाचकाला येथे एक फरक जाणवेल. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ६० मध्ये आणि तिसऱ्या अनुसूचीत ईश्वराच्या नावाने शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा असे दोन्ही पर्याय मजकुरातच शेजारी-शेजारी आहेत. त्यामुळे कोणता उच्चारावा हा पदग्रहण करणाऱ्याचा प्रश्न ठरतो. अमेरिकेत ईश्वराचे नाव मजकुराबाहेरून, प्रथेच्या वाटेने आले. वाद उद्भवला तो त्यामुळेच.

शपथेच्या शेवटी ‘ईश्वर मला साहाय्य करो’ या अर्थाचे ‘सो हेल्प मी गॉड’ हे शब्द जोडले जातात. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे शपथ घेताना ते उच्चारले, असे शाळेच्या पुस्तकांपासून समारंभातील भाषणांपर्यंत सर्वत्र सांगितले जात असे. या कथेला समकालीन पुरावा नाही. ती छापील स्वरूपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आढळते. राष्ट्राध्यक्षाने हे शब्द उच्चारल्याचा समकालीन वृत्तपत्रीय दाखला १८८१ मधील चेस्टर आर्थर यांच्या शपथविधीचा आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीपासून ही प्रथा अखंड चालत आली. मुख्य सोहळ्यात धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणण्याची पद्धत तर १९३७ मध्ये, रूझवेल्ट यांच्या दुसऱ्या शपथविधीपासून सुरू झाली. जी परंपरा देशाइतकीच जुनी मानली जाते तिचे आजचे स्वरूप विसाव्या शतकातले आहे, हे या खटल्याच्या संदर्भात महत्त्वाचे आहे; कारण अशा प्रथांचा न्यायालयीन बचाव मुख्यतः त्यांच्या प्राचीनतेवरच उभा असतो.

आधीचे खटले

प्राचीनतेचा हा आधार १९८३ च्या मार्श विरुद्ध चेंबर्स या निकालातून येतो. नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात दररोज प्रार्थना म्हणण्यासाठी सरकारी पगारावर एका प्रेस्बिटेरियन धर्मगुरूची नेमणूक होती. त्याच विधिमंडळाचे सदस्य अर्नी चेंबर्स यांनी तिला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती प्रथा वैध ठरवली. ज्या पहिल्या काँग्रेसने पहिल्या घटनादुरुस्तीचा मसुदा संमत केला, तिनेच त्या आठवड्यात सभागृहांसाठी पगारी धर्मगुरू नेमण्याचा कायदा केला होता. तेव्हा घटनादुरुस्तीच्या कर्त्यांना अशी प्रार्थना निषिद्ध वाटत नव्हती, असा सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचा युक्तिवाद होता.

याउलट १९९२ च्या ली विरुद्ध वाइसमन या खटल्यात शाळेच्या पदवीदान समारंभातील प्रार्थना ५ विरुद्ध ४ मतांनी घटनाबाह्य ठरली. किशोरवयीन विद्यार्थ्यांना अशा प्रसंगी उभे राहण्यावाचून पर्याय नसतो आणि ही अप्रत्यक्ष सक्तीच होय, असे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिले. राष्ट्राध्यक्षाचा शपथविधी या दोन निकालांपैकी कोणाच्या अधिक जवळ जातो, हे पुढच्या वादाचे सूत्र ठरले.

मायकेल न्यूडाऊ हे व्यवसायाने वैद्यक आणि शिक्षणाने वकीलही होते. राष्ट्रध्वजाच्या प्रतिज्ञेत १९५४ मध्ये घातलेल्या ‘ईश्वराच्या छत्राखाली’ या अर्थाच्या शब्दांना त्यांनी दिलेले आव्हान देशभर गाजले. २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ते मान्य केले. पण जून २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ज्या मुलीच्या वतीने दावा होता तिच्या ताब्याचा प्रश्न पाहता न्यूडाऊ यांना दावा लावण्याचा अधिकारच नाही, असे म्हणून तो निकाल रद्द केला. जॉर्ज बुश यांच्या २००१ आणि २००५ च्या शपथविधींतील प्रार्थनांविरुद्धचे त्यांचे दावेही फेटाळले गेले.

दावा आणि जिल्हा न्यायालय

२००८ च्या दाव्यात न्यूडाऊ एकटे नव्हते. अनेक निरीश्वरवादी नागरिक आणि अमेरिकन ह्युमॅनिस्ट असोसिएशन, फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन यांसारख्या संघटना त्यांच्यासोबत होत्या. प्रतिवादींमध्ये सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, समारंभाच्या आयोजन समित्या आणि प्रार्थना म्हणणारे दोन धर्मगुरू, रिक वॉरन व जोसेफ लाउरी, यांचा समावेश होता.

ओबामा यांनी स्वेच्छेने ईश्वराचे नाव घेण्यास वादींचा आक्षेप नव्हता. तो त्यांचा व्यक्तिगत हक्क मानला गेला. आक्षेप सरन्यायाधीशांनी घटनेच्या मजकुरात नसलेले शब्द आपल्याकडून जोडून ते वदवून घेण्यास होता, आणि सरकारी व्यासपीठावरून धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणण्यास होता. आपल्याच राष्ट्राच्या सर्वोच्च समारंभात आपण परके ठरतो, ही वादींची मुख्य तक्रार होती.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यायाधीश रेजी वॉल्टन यांनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला. २० जानेवारीला सोहळा प्रार्थनांसह पार पडला. त्या दिवशी शपथेतील शब्दांचा क्रम चुकल्यामुळे रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये ओबामांना पुन्हा शपथ दिली. घटनेतील ३५ शब्दांबाबत एवढी दक्षता घेतली गेली. मजकुराबाहेरचे शब्द मात्र दोन्ही वेळी उच्चारले गेले. मार्चमध्ये जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला.

अपील न्यायालयाचा निकाल

बहुमताचा निकाल न्यायाधीश जॅनिस रॉजर्स ब्राउन यांनी लिहिला. २००९ चा सोहळा होऊन गेला असल्याने त्याबाबतची मागणी निरर्थक झाली आहे, हा पहिला मुद्दा होता. २०१३ आणि २०१७ च्या सोहळ्यांबाबत वादींना दावा लावण्याची पात्रता नाही, हा दुसरा. अमेरिकी कायद्यानुसार या पात्रतेसाठी वादीला प्रत्यक्ष इजा, प्रतिवादीशी तिचा संबंध आणि न्यायालयाच्या आदेशाने ती दूर होण्याची शक्यता, अशा तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. वादी तिसऱ्या पायरीवर अडले. समारंभात काय असावे हे अखेर राष्ट्राध्यक्ष किंवा निर्वाचित राष्ट्राध्यक्ष ठरवतो. तो या दाव्यात प्रतिवादी नव्हता, आणि राष्ट्राध्यक्षाला अशी मनाई करण्यास न्यायालये धजत नाहीत. सरन्यायाधीशांना मनाई केली, तरी राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या कोणाकडून शपथ घेऊ शकतो. पुढच्या समारंभांचे आयोजक आणि धर्मगुरू तर अद्याप ठरलेलेच नव्हते.

या तर्काचा व्यावहारिक परिणाम विचार करण्याजोगा आहे. सोहळ्याआधी दावा आणला तर आयोजक निश्चित झालेले नसतात, ते निश्चित झाल्यावर उरतात ते थोडे आठवडे, आणि सोहळा झाल्यावर दावा निरर्थक होतो.

तिसरी बाजू न्यायाधीश ब्रेट कॅव्हनॉ यांच्या स्वतंत्र मतात दिसते. निष्कर्षाशी ते सहमत होते, कारणांशी नव्हते. वादींना पात्रता आहे असे धरून त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला आणि मार्श निकालाच्या आधारे शपथेतील शब्द व प्रार्थना दोन्ही वैध ठरवल्या. ‘हे शब्द आता केवळ औपचारिक उरले आहेत’ हा सरकारी बाजूचा नेहमीचा बचाव मात्र त्यांनी स्वीकारला नाही. हे शब्द खरोखरच धार्मिक आहेत आणि ते ऐकताना वादींना होणारा त्रासही खरा आहे, हे त्यांनी मान्य केले. तथापि राष्ट्राच्या इतिहासात रुजलेल्या प्रथेपुढे तो पुरेसा ठरत नाही, असे त्यांचे मत होते. दोन्ही मतांपैकी वादींची बाजू अधिक गांभीर्याने घेणारे मत हेच म्हणावे लागेल, जरी ते त्यांच्या विरोधात गेले. कॅव्हनॉ २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले.

पुढील घडामोडी

२०१४ च्या टाउन ऑफ ग्रीस विरुद्ध गॅलोवे या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्क राज्यातील एका नगरमंडळाच्या सभांतील, बहुतांशी ख्रिस्ती स्वरूपाच्या, प्रार्थना ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवल्या. २०२२ च्या केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन या निकालाने ऐतिहासिक प्रथा आणि आकलन हाच अशा प्रकरणांतील निकष असल्याचे सांगितले. राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीबाबत सर्वोच्च न्यायालयाने थेट निर्णय दिलेला नाही. २०१३ च्या सोहळ्यात प्रारंभीची प्रार्थना धर्मगुरू नसलेल्या नागरी हक्क कार्यकर्त्या मर्ली एव्हर्स-विल्यम्स यांनी म्हटली. शपथ रॉबर्ट्स यांनीच दिली, आणि ईश्वराचा उल्लेख कायम राहिला.