गोडीच्या दिवसांतली बैठक

अंजूरफाट्याकडून भिवंडीत शिरले की धामणकर नाका लागतो. सुताची पोती, कापडाचे तागे वाहणारे टेम्पो आणि मागे यंत्रमागांचा खडखडाट. पोटासाठी दूरदूरच्या मुलखांतून आलेली माणसे इथे दाटीने राहतात. याच गावात १९७० च्या आणि पुन्हा १९८४ च्या मे महिन्यात हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली. माणसे मेली, घरे आणि माग जळाले.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल पेटली की शांतता समिती बोलवायची, ही जुनी रीत. त्या समितीत कोण? नेहमीचेच पुढारी! फोटो निघायचा आणि जो तो आपल्या घरी. खोपडे यांनी ही रीत उलटी केली. गाव शांत असतानाच त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, सुमारे सत्तर. त्यांत दोन्ही समाजांची साधी माणसे घेतली आणि ठाण्यातल्या शिपायालाही जबाबदारी दिली. एरवी शिपाई म्हणजे नुसता हुकमाचा ताबेदार. इथे त्याला गल्लीतल्या माणसांची ओळख झाली आणि माणसांनाही त्याची भीती उरली नाही.

शेजाऱ्याशेजाऱ्यांची किरकोळ भांडणे समितीपुढे येऊ लागली. भांडण दोन घरांचे असते तोवर मिटते. ते दोन जातींचे झाले की कुणाच्या बापाला आवरत नाही. बांधावरून डोकी फुटलेली ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

खरी परीक्षा डिसेंबर १९९२ मध्ये आली. अयोध्येची बाबरी मशीद पडली आणि मुंबई पेटली. त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत नऊशे माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नोंदवले आहे. मुंबईच्या इतक्या जवळची, दोनदा होरपळलेली भिवंडी मात्र शांत राहिली. आणि गंमत अशी, की तेव्हा खोपडे भिवंडीत नव्हते. त्यांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळ यांनी समित्या मोडल्या नाहीत, चालू ठेवल्या. मला तर पोळांचा हा मोठेपणा फार वाटतो. आपल्याकडे नवा सरपंच आला, की जुन्याने लावलेली झाडेसुद्धा पाण्यावाचून वाळतात.

२००७ पासून महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम निघाली. कितीतरी गावांनी बक्षिसे घेतली, कमानी उभारल्या. पण बक्षीस मिळाल्यावर किती समित्या पुन्हा बसल्या, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते आठवून पाहावे.

बैठकीला वेळ कुठे आहे, असे कुणी म्हणेल. अमावास्येला पुष्कळ गावांत औत धरत नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी घटकाभर पारावर बसता येईल. ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याला आधी निरोप धाडावा. बायकांनाही बोलवावे, कारण कुठल्या घरात काय धुमसते आहे ते त्यांनाच आधी कळते.